वायर कापल्यानंतरचे तीन महिने

सिस्टरांनी लाल झाकणाची प्लॅस्टिकची डबी टेबलावरून चौथ्यांदा पुढे सरकवली. समोरच्या माणसाने ती एका बोटाने चौथ्यांदा मागे सरकवली.

"आत काय विंचू बसलाय?"

"नाही सिस्टर."

"मग?"

"काही नाही. असंच."

सिस्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. बावीस वर्षं त्या रुग्णालयाच्या या नऊ नंबरच्या खोलीत बसत होत्या. बाहेर पाटी होती, 'कुटुंब नियोजन सल्ला'. ती वाचूनही आत येणारा प्रत्येक दुसरा माणूस दारात थबकून विचारायचा, "दातांचा विभाग हाच का?" सिस्टर म्हणायच्या, "हाच. या, बसा, कुठला दात?" मग माणूस बसायचा, आणि दात सोडून सगळं बोलायचा.

भिंतीवर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात कंडोमची पाकिटं, फुकट, हवी तेवढी घ्या. पण सिस्टर खुर्चीत असल्या की कुणाचा हात त्या पेटीकडे वळत नसे. म्हणून दर तासाला त्या उठायच्या, बाहेर जायच्या, दोन मिनिटं खांबाला टेकून उभ्या राहायच्या आणि परत येताना मोठ्यांदा खोकायच्या. आत आल्यावर पेटी अर्धी झालेली असायची आणि बाकावरची माणसं छताकडे बघत असायची.

समोरचा माणूस मात्र दात विचारत आला नव्हता. त्याला सिस्टर ओळखत होत्या. गावभर त्याला हॅलोभाऊ म्हणत. सभा असो, शाळेचं संमेलन असो, माईक आणि स्पीकर त्याचे. "हॅलो, हॅलो, चेक" एवढंच त्याचं जगाशी बोलणं. पुढचं दुसरे बोलायचे. अठरा आठवड्यांपूर्वी याच खोलीतून तो नसबंदीला गेला होता. दोन मुलं पुरे, बायकोला कशाला टेबलावर झोपवायचं, मीच करतो, असं म्हणाला होता. सिस्टरांनी त्या दिवशी चार जणांना त्याचं कौतुक सांगितलं होतं. आता त्याची बायको तेरा आठवड्यांची गरोदर होती आणि हॅलोभाऊ अकरा दिवस गोदामात स्पीकरच्या खोक्यांवर झोपत होता.

"हे बघा," सिस्टरांनी रजिस्टर उघडून त्याच्याकडे फिरवलं. "इथे काय लिहिलंय? समजावले. शेजारी काय? समजले. खाली सही कुणाची?"

"माझी."

"काय समजावलं होतं मी?"

हॅलोभाऊने आठवून बघितलं. "दोन दिवस वजन उचलू नका."

"आणि?"

"घट्ट चड्डी घाला."

"आणि?"

आणि काही नव्हतं. सिस्टरांनी डोळे मिटले. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं तर निदान घड्याची बाहेरची धूळ तरी जाते.

"तीन महिने भरवसा धरायचा नाही, असं सांगितलं होतं. ऑपरेशन झालं तरी आधीचं आत राहिलेलं असतं. तोवर पाकीट वापरायचं, मग या डबीत तपासणीला द्यायचं, आणि कागदावर शून्य आलं की मग मोकळं. बोटांवर मोजून सांगितलं. तीन महिन्यांची पाकिटं पिशवी भरून दिली. ती कुठे गेली?"

हॅलोभाऊचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

"ती फार कामाला आली सिस्टर. उघड्या मैदानावर कार्यक्रम होते तेव्हा. पाऊस भुरभुरतो, वक्ते थुंकी उडवतात. माईकच्या डोक्यावर एकेक चढवलं, वरून काळं फडकं. आवाज एकदम स्वच्छ. अख्ख्या मोसमात एक माईक गेला नाही."

"एकही घरात वापरलं नाही?"

"घरात कशाला? ऑपरेशन झालेलं ना." त्याने दोन बोटांची कात्री करून हवेत कापून दाखवली. "वायर कापली की आवाज बंद. तिथल्या तिथे. बावीस वर्षं वायरीच कापतोय मी."

सिस्टरांनी कपाळ तळहातावर टेकवलं. टेबलावरचं रबरी गर्भाशय, ज्याला येणारे-जाणारे शोभेची वस्तू समजत, त्यांच्या कोपराने आडवं झालं. त्यांनी ते उभं केलं.

"अहो, ही वायर नाही. नळी आहे. नळ बंद केला तरी पाइपात राहिलेलं पाणी येतं की नाही?"

"पाण्याचं मला कळत नाही."

"बरं. तुमचा तो ॲम्प्लिफायर. बटण बंद केलं की आवाज लगेच मरतो?"

हॅलोभाऊ उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्याचा अंगठा मांडीवर बटण दाबल्यासारखा हलला.

"दोन-तीन सेकंद राहतो," तो सावकाश म्हणाला. "आत साठलेलं असतं. जुना असेल तर जास्त."

"तुमचा बेचाळीस वर्षांचा आहे. त्याला तीन महिने लागतात."

तो हसला नाही. डबीकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी दातांचा विभाग विचारत होतं.

"म्हणजे होऊ शकतं," तो म्हणाला.

"होऊ शकतं काय, झालंय. मी दिवस मोजलेत. ऑपरेशननंतर सातवा आठवडा. तेव्हा तुम्ही माईकला टोप्या घालत होता."

"डबी दिल्यावर कागदावर नक्की येईल?"

"कागदावर आजचं येईल. आज शुक्राणू आहेत की नाहीत. आज नसतील तरी तेव्हा नव्हते असं होत नाही. ही तपासणी तुमच्या ऑपरेशनची आहे, बायकोची नाही."

"मग कागद आला तरी भांडण तिथल्या तिथेच."

"भांडलात कधी तुम्ही? काय म्हणालात तिला?"

हॅलोभाऊ खाली बघून म्हणाला, "मी म्हटलं, मग कसं काय?"

"एवढंच?"

"एवढंच."

सिस्टरांना या एवढंचची चांगली ओळख होती. शिव्या देणारा नवरा परवडला, त्याला उलट शिव्या तरी देता येतात. त्यांनी डबी पाचव्यांदा पुढे सरकवली. या वेळी ती परत आली नाही. हॅलोभाऊने ती उचलली, लाल झाकण फिरवून बघितलं आणि शर्टाच्या खिशात टाकली. खिसा इतका फुगला की त्याने वरून हात धरला, तोही छातीत कळ आल्यासारखा. तसाच तो व्हरांड्यातून गेला. वाटेत दोघांनी त्याला हृदयाचा विभाग दाखवला.

*

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीतून लॅबवाल्याने बंद लिफाफा पुढे केला. हा माणूस दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचा आणि जगातल्या मोठ्या वस्तूंचं त्याला काही वाटत नसे.

"तुमचा माईकवाला," तो म्हणाला. "आहेत अजून. थोडेच आहेत, पण मजेत आहेत. महिन्याने परत डबी घ्या."

सिस्टरांनी लिफाफा छातीशी धरला. हसू येत होतं ते त्यांनी गालातच दाबलं. बावीस वर्षांत कागदाने एवढं सोपं काम पहिल्यांदा केलं होतं. चार महिन्यांनीही आहेत, म्हणजे सातव्या आठवड्यात असणारच. हे हॅलोभाऊलाही कळलं असतं. जेवणाची सुट्टी झाल्याबरोबर त्या पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून रुग्णालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या.

दुकान म्हणजे दोन यंत्रं, एक काउंटर आणि हॅलोभाऊची बायको. तिला सगळे झेरॉक्सवहिनी म्हणत. एका हाताने ती कागद पालटायची, दुसऱ्याने गिऱ्हाइकाला सुटे द्यायची, आणि डोळ्याने तिसऱ्याच माणसाला 'रांगेत या' सांगायची. आज तिने साडीचा पदर पोटावरून जरा जास्त ओढून घेतला होता. दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत सिस्टर थांबल्या.

"किती कॉपी?" वहिनीने गठ्ठा ओढला.

"दोनशे."

ती पहिलं पत्रक काचेवर ठेवायला गेली तेव्हा सिस्टरांची नजर त्यावर पडली आणि त्यांचा हात आपोआप कमरेवर गेला. पत्रकावर ठळक अक्षरांत होतं, 'पुरुष नसबंदीनंतर पहिले तीन महिने'.

"हे पत्रक किती वर्षं काढतेस तू?"

"सात-आठ."

"वाचलंस कधी?"

वहिनीने कागदाकडे बघितलं, जणू तो आत्ताच कुणीतरी तिच्या हातात दिला. तिचे ओठ हलले. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीवर ते थांबले.

"आम्ही कागद वाचत नाही सिस्टर," ती म्हणाली. "कोपरे जुळतात का ते बघतो."

सिस्टर काउंटरच्या स्टुलावर बसल्या. नवऱ्याने सही केली, बायकोने हजारो प्रती काढल्या, आणि मधल्या मधे पोर राहिलं. यापुढे सरकारने पत्रक छापायचं सोडून घरोघरी जाऊन कान धरावेत.

"गुरुवारची वेळ घेतलीयस ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"घेतलीय. जाईन की नाही माहीत नाही." यंत्राचा हिरवा उजेड तिच्या हनुवटीवरून इकडून तिकडे सरकला. "एकोणचाळिसावं चालू आहे. मुलगी सोळाची. मला नको होतं, खरं सांगते. पण आता बघा. काढलं, तर म्हणतील लपवायला काढलं. ठेवलं, तर जो येईल तो पाळण्यात वाकून नाक बघेल. म्हणजे माझ्या पोटाचं मी ठरवायचं, तर त्यात पण हे आडवे."

"त्याने काही म्हटलंय का काढ म्हणून?"

"कुठलं? 'मग कसं काय' म्हणाले आणि उशी घेऊन गेले. सतरा वर्षांत एवढं लांब वाक्य पहिल्यांदा बोलले, आणि तेही असलं."

सिस्टरांनी लिफाफा काउंटरवर ठेवला. इतका वेळ दाबलेलं हसू आता त्यांच्या डोळ्यांत आलं होतं.

"उघड. तुझ्या फायद्याचं—"

"बोलू नका." वहिनीने तळहात वर केला. "तुमच्या तोंडावर लिहिलंच आहे, तरी बोलू नका."

"अगं, पण चांगलं आहे."

"चांगलं आहे म्हणूनच नको. आज या कागदाने मला सोडवलं तर जन्मभर कागदाची मिंधी राहीन. उद्या भाजीवाल्याशी दोन मिनिटं हसून बोलले, तर म्हणतील, कागद आण. त्यांना कागद लागतो, यातच सगळं आलं की हो."

"पण त्याला कळलं तर तो आजच्या आज घरी येईल."

"येईल. आणि मी त्या येण्याचं काय करू?"

सिस्टरांकडे पुरुषाच्या शरीराचं रबरी मॉडेल होतं, बाईच्या शरीराचं होतं, तांबीचा नमुना होता, गोळ्यांची पाकिटं होती. या प्रश्नाचं मॉडेल नव्हतं. त्यांना चीडही आली. दोन जीवांना जोडायचा एवढा सोपा कागद समोर पडलाय, आणि या बाईला मानाचं पडलंय. मग त्यांनी तिच्या बोटांकडे बघितलं. लिफाफ्याच्या कडेवर ती बोटं अशी पांढरी पडली होती की चीड तिथेच विरली.

वहिनीने दुसऱ्या यंत्राचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. तो हिरवा झाला. मग तिने जाड प्लॅस्टिकचं पाऊच काढलं, लिफाफा त्यात सरळ घातला, कोपरे जुळवले आणि यंत्राच्या तोंडात दिला. दुसऱ्या बाजूने तो बाहेर आला तेव्हा सपाट, चकचकीत आणि गरम होता. नाव वाचता येत होतं. आतलं काहीच नाही.

"लॅमिनेशन?" सिस्टरांच्या तोंडून एवढंच निघालं.

"पाऊस पडू दे, चहा सांडू दे, काही होत नाही. दहा वर्षं टिकेल." तिने फुंकर मारली आणि तो सिस्टरांच्या हातात दिला. "त्यांना द्या. म्हणावं, उघडायचा असेल तर कात्री माझ्याकडे आहे. मागायला घरी यावं लागेल."

*

गुरुवार आला आणि गेला. वहिनी आपल्या वेळेला आली नाही. सिस्टरांनी तीन वेळा व्हरांड्यात जाऊन बघितलं, आणि तिन्ही वेळा पेटीतली पाकिटं मात्र कमी झाली.

लिफाफा त्यांनी लॅमिनेशन झालं त्याच संध्याकाळी गोदामात हॅलोभाऊला नेऊन दिला होता. निरोप शब्दाला शब्द सांगितला होता, आणि आणखी एकही शब्द बोलायचा नाही म्हणून जीभ दाताखाली धरून परत आल्या होत्या. जिभेला अजून ठणक होती. 'तुझंच आहे रे बाबा', चार शब्द. ते चार शब्द घेऊन त्या आठवडाभर जेवल्या, झोपल्या, रजिस्टरं भरली.

सोमवारी सकाळी हॅलोभाऊ दारात आला. दाढी केलेली होती. खांद्याला वायरींची पिशवी, हातात घडी घातलेलं कार्ड.

"गरोदर तपासणीच्या सहा नंबरवाल्या म्हणाल्या, ऑपरेशनची नोंद नऊ नंबरमधून लिहून आणा."

सिस्टरांनी कार्ड उलगडलं. गरोदर बायकांना तपासणीसाठी देतात ते गुलाबी कार्ड. आईचं नाव, वय, पत्ता, सगळं वहिनीच्या नीटस अक्षरात. कार्ड आहे, म्हणजे ठेवायचं ठरलं. खाली 'बाळाच्या वडिलांचे नाव' अशी एक ओळ होती. ती कोरी होती.

"ही ओळ का रिकामी?"

"ती म्हणाली, ही माझी नाही."

सिस्टरांचा हात टेबलाच्या खणाकडे गेला होता. खणात लाल झाकणाची दुसरी डबी होती. महिन्याने परत तपासणी, ती तर द्यायलाच हवी होती. पण डबी द्यायची म्हणजे सांगायचंच झालं, पहिल्या कागदावर शून्य नव्हतं म्हणून. त्यांनी हात खणावरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

"पेन आहे?"

"आहे. घरी चालत नव्हतं. इथे चालेल बहुतेक."

तो बाकावर बसला. टेबलावर रजिस्टरांचा ढीग, कार्ड पातळ. लिहायला खाली काही कडक नव्हतं. त्याने पिशवीत हात घातला. वायरी बाजूला सारल्या आणि प्लॅस्टिकमधला लिफाफा बाहेर काढला. चारही कडा शाबूत होत्या.

"कात्री मागायला गेला नाहीत?"

"गेलो होतो."

"मग? दिली नाही?"

"दिली की. हातात दिली आणि आत चहा ठेवायला गेली."

"मग?"

हॅलोभाऊने लिफाफा मांडीवर ठेवला, त्यावर कार्ड ठेवलं. "दोन वायरींची टोकं सोलायची राहिली होती, ती सोलली. धार चांगली आहे."

त्याने पेन टेकवलं. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या, म्हणजे बघायचा प्रयत्न करत होत्या. हॅलोभाऊ हळू लिहीत होता. पहिलं नाव, बापाचं नाव, आडनाव. आडनावाच्या शेवटी क्षणभर थांबला, तेव्हा सिस्टरांनी खिडकी सोडून कार्डाकडे बघितलं. पण तो फक्त अक्षर जरा बारीक करून ओळीत बसवत होता. मग त्याने शाईवर फुंकर मारली. त्या दिवशी दुकानात ऐकलेली तीच फुंकर.

आता सिस्टरांनी खण उघडला आणि डबी टेबलावरून पुढे सरकवली.

"हे काय?"

"डबी."

"डबी दिसतेय मला. मागे दिली की एक."

"महिन्याने परत द्यायची."

हॅलोभाऊने डबीकडे बघितलं. मग मांडीवरच्या लिफाफ्याकडे. मग सिस्टरांकडे.

"सगळ्यांना दोनदा असते?"

या खोलीत सिस्टरांनी माणसांना नको नको ते खरं सांगितलं होतं. एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या.

"सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांना," तो म्हणाला. तो विचारत होता की मान्य करत होता, ते आवाजावरून कळलं नाही. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचेच आवाज नीट करत आला होता.

त्याने डबी खिशात टाकली. लिफाफा पिशवीत, वायरींच्या खाली. सिस्टरांनी कार्डावर नोंद लिहून शिक्का मारला. तो दारापर्यंत गेला आणि भिंतीवरच्या पेटीपाशी थांबला. सिस्टर सवयीने उठल्या, बाहेर जाऊन खांबाला टेकायला. पण त्याने त्या जायची वाट बघितली नाही. त्यांच्या देखत पेटीत हात घातला आणि मूठभर पाकिटं घेतली.

"माईकला?" सिस्टरांनी विचारलं.

हॅलोभाऊने मुठीकडे बघितलं.

"अर्धी," तो म्हणाला.

पोट पुढे असेपर्यंत बाकीच्या अर्ध्यांची घरी गरज नाही, हे सांगायला सिस्टरांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि बाहेर न जाताच दोनदा मोठ्यांदा खोकल्या.